नणंदेच्या लग्नातला जाळ

लग्न होऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते. तेवढ्यात सासरी नणंदेचं लग्न निघालं. आमचं गाव कड्याजवळचं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं. वऱ्हाड येणार होतं नगरकडच्या इंग्रजी मुलखातून. सरहद्दीच्या नाक्यावर गाड्यांची झडती होईल, दुपार टळल्याशिवाय पाहुणे काही पोचत नाहीत, असं सगळे धरून चालले होते.

मांडवामागं लांब चर खणला होता. त्याच्यावर गव्हाच्या खिरीची भलीमोठी काहील. जाळ सांभाळायचं काम धाकट्या सासऱ्यांकडं होतं. त्यांनी काहिलीच्या कडेनं चिखल थापून चर गच्च लिंपला होता, "आच बाहेर जायला नको" म्हणून.

सकाळी बरं चाललं होतं. मग जाळ मंदावला आणि धुराचे लोट उठले. सासरे लाकूड घालत होते, धूर वाढत होता. इतक्यात कोणीतरी ओरडत आलं, "वऱ्हाड शिवेवर आलं! झडती झालीच न्हाई!"

मी काहिलीतला एक दाणा चावून पाहिला. गहू अजून दाताखाली कचकचत होता.

माझं माहेर गेवराईकडं, गोदेच्या काठी. घराला लागूनच कुंभारांची आळी. शेजारची कुंभारमावशी भट्टी लावायची तेव्हा मी दिवसदिवस तिच्यापाशी बसायचे. ती म्हणायची, "पोरी, जाळाला आधी वारा खाऊ घालावा, मग लाकूड." म्हणून तो चर पाहिल्याबरोबर मला कळलं. तळाशी हातभर राख साचली होती, आणि मागून धूर निघायला बोटभर फट नव्हती. वारा आत शिरणार कसा?

पण सासऱ्यांपुढं सुनेनं तोंड उघडायचं नसे. मी सासूबाईंच्या कानाला लागले. "आत्याबाई, लाकूड नको आता. राख वढायला सांगा. अन् मागचा चिखल फोडायला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "भावजी, जरा सरका. सून बघती म्हनं."

"सून? ती काय करनार?"

"सरका तर!"

ते सरकले. मी पदर खोचला, खोरं घेतलं आणि राख ओढायला लागले. तोंडावर झळ येत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सगळी राख नाही काढली, इंगळाखाली चार बोटं ठेवली. तेवढ्यानं ऊब राहते. अर्धे जळलेले ओंडके बाहेर ओढले. त्यांच्या जागी तुराट्या सैल रचल्या. मग पळत मागच्या टोकाला गेले आणि कुदळीच्या दांड्यानं चिखल ढोसला. भसकन भोक पडलं. कोंडलेला धूर त्यातून उसळला, आणि त्याच्यामागून लाकूड घालायच्या तोंडाकडून वारा आत शिरला.

हूंऽऽऽ!

चर घुमायला लागला! जाळ लांब जीभ काढून काहिलीच्या तळाला चाटत सुटला. बाया ओरडल्या, "पेटलं गं, पेटलं!" सासूबाईंनी मला चक्क मिठीच मारली. बाहेर वाजंत्री सुरू झाली, आणि इकडं गहू रटरटायला लागला. मला नाचावंसं वाटत होतं. नव्या सुनेला ते शोभत नाही म्हणून मी नुसतीच हसत सुटले.

"आता लाकूड घालू का?" धाकट्या सासऱ्यांनी विचारलं. सासूबाईंना नव्हे, सरळ मला! मी पदराआडून मान हलवली आणि बोटानं दाखवलं, एकच.

अक्षता पडल्या तेव्हा मी काळ्या हातांनीच मांडवात उभी होते. तिथूनही तो घूं घूं आवाज ऐकू येत होता. पंगत बसली, खीर वाढली. नवरदेवाच्या काकांनी तिसऱ्यांदा मागितली आणि म्हणाले, "लई मुरलीय बरं का!"

दुसऱ्या दिवशी चर बुजवताना धाकटे सासरे भावकीतल्या माणसांना सांगत होते, "मागनं भोक ठिवायलाच पायजे. आमच्या सुनेला इचारा."