काकांनी न ऐकलेली यादी

माझे सेतुरामकाका आयुष्यात कधी 'जातो' म्हणाले नाहीत. कुंभकोणमच्या बाजारात तमिळमधून 'पोयिट्टु वरेन', म्हणजे 'जाऊन येतो', आणि घरी आमच्या तंजावरी मराठीतून 'येतों'. निरोप देतानाही 'जा' नाही, 'ये'. वेंकटलक्ष्मीकाकूंची बांगडी फुटायची नाही, 'वाढायची'. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. वर्गात वादळ, भूकंप खुशाल शिकवायचे. पण घरात अभद्र शब्द निघाला की वास्तुदेव तथास्तु म्हणतो, यावर ठाम विश्वास. आम्ही पोरं त्यांना यावरून मुद्दाम छळायचो.

मी विमा कंपनीत लागले, तेव्हा पहिली पॉलिसी काकांच्या घराची करायची ठरवली. चांगली, पाऊसपाण्यापासून भिंत खचण्यापर्यंत सगळं सामावणारी. कशाकशाची भरपाई मिळते ते वाचून दाखवू लागले. आग, वीज, पूर... काकांनी हात वर केला.

"श्रीरंजनी, पुरे. वेंकटलक्ष्मी आंत दिवा लावते आहे. घरांत हें बोलूं नकों."

अंगणात चला म्हटलं, तर अंगणही घरच म्हणे. यादी वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, असा कंपनीचा नियम. माझं डोकं फिरलं. आगीपुरतीच असलेली एकपानी स्वस्त पॉलिसी त्यांच्यापुढे टाकली. त्यांनी न वाचता आनंदाने सही केली. पैशाचा प्रश्न नव्हता. हप्त्यातला फरक त्यांच्या महिन्याच्या कॉफीपुडीएवढा. मी पुन्हा एकदा जायला हवं होतं. गेले नाही, रुसून बसले.

गेल्या कार्तिकात आठ दिवस पाऊस लागून राहिला. स्वयंपाकघराची भिंत खचली आणि मागोमाग छप्पर खाली आलं. माणसं वाचली, पण घर राहण्याजोगं उरलं नाही. पॉलिसी आगीची, म्हणून भरपाईचा अर्ज परत आला. तो मीच त्यांच्या हातात दिला.

दोघं स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेली, वरच्या मजल्यावर. काकूंचे गुडघे गेलेले, जिना उतरणं शक्य नव्हतं. एकावन्न वर्षं नांदलेल्या घरात परत जायचं, एवढंच त्यांचं मागणं. घरी कधी जायचं, असं रोज विचारायच्या. विमा आला की, असं काका रोज खोटं सांगायचे. चैत्रात काकू त्या खोलीतच गेल्या.

चौदाव्या दिवशी काकांनी मला विम्याचे कागद घेऊन बोलावलं.

"त्या दिवशींचें तें वाच. अवघें वाच."

मी चांगल्या पॉलिसीचा कागद काढून वाचला. या वेळी त्यांनी हात वर केला नाही. शेवटी एवढंच विचारलं,

"भिंत खचणें होतें त्यांत?"

"होतं, काका."

ते काकूंच्या रिकाम्या खाटेकडे बघत राहिले. मला रडू आवरेना. थोड्या वेळाने डोळे पुसून 'येते' म्हणत मी उठले.

"जा," काका म्हणाले.