मामा केव्हा गेले

आमच्या घरी पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा ती सभांमधून वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवायचे. त्यामुळे अवयवदानाचं पत्रक लिहायला मला एक संध्याकाळ पुरली. ‘मेंदू मेला की माणूस संपला. पुढचं सगळं यंत्राचं काम.’ ही ओळ मी सभेत ठणकावून म्हणायचे.

गेल्या वर्षी मामा इचलकरंजीहून यंत्रमागावरची पाळी संपवून येताना मोटरसायकलवरून पडले. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. चौथ्या दिवशी कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नियमाप्रमाणे मेंदूची दुसरी तपासणी केली आणि सांगितलं, मेंदू मृत झालाय. मूत्रपिंडं, यकृत देता येतील. सही मामीनं करायची होती.

तिनं कागद माझ्यापुढं धरला. “पत्रकं वाटत गावभर फिरतीस न्हवं? आत जाऊन बघ आणि सांग मला, माणूस हाय का न्हाय.”

मामांची छाती वरखाली होत होती. ते श्वास यंत्राचे आहेत, हे मला पाठ होतं. हात धरला तर गरम. नखांत वंगणाची काळी रेघ. निघताना तोंडातून गेलं, “येते मी, मामा.”

मामी दारातच उभी होती.

“मेलेल्या माणसाला येते म्हणत्यात व्हय गं?”

“सवय, मामी.”

“मग माझी बी सवयच की. तीस वर्सांची.”

अवयवदानासाठी मी आजही कुणाशीही भांडेन. पण त्या दारात मी मामांच्या खाटेकडे पाठ करून म्हणाले, “गेलेत, मामी.”

तिनं सही केली. “कुणाच्या तरी घरचं माणूस राहील,” एवढंच म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून विचारलं, “भावकीचं फोनवर फोन यायल्यात. कवा गेले म्हणून सांगू?”

मृत्यूच्या दाखल्यावर दुसऱ्या तपासणीची वेळ पडणार होती. मी तीच सांगितली. “सकाळी अकरा चाळीस.”

मामीनं हातातला फोन खाली ठेवला.

“बारा वाजता मी ह्यांच्या पायाला तेल चोळलं. नर्सबाईंनी चोळू दिलं. ते कुणाचं पाय हुतं गं?”