खाटेवरची आवणी

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "भूल नको गं. काही इसरले म्हंजी?" मी फटकन बोलले, "तुला असं काय मोठं लक्षात ठेवायचंय?" माझी जीभ अशीच. आईला उलट उत्तर दिलं नाही असा एक दिवस आठवत नाही. तिचा मोडलेला खुबा बदलायचा होता आणि कागदावर सही मीच केली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मंचरच्या दवाखान्यात तिनं माझ्याकडं टक लावून पाहिलं. "बाई, तू कुठल्या गावची?" भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांना कधीकधी असा भ्रम होतो, बहुतेकांचा थोड्या दिवसांत जातो. बहुतेकांचा! आणि भूल म्हणजे काही नुसती झोप नव्हे, असंही म्हणाल्या. मग आईचं मन तेवढा वेळ गेलं होतं कुठं? घाबरले होते, तरी हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

दुपारी ती चादर चिमटायला लागली. नर्स म्हणाली, "भ्रमात करतात असं पेशंट." मी नीट पाहिलं. डाव्या मुठीत चादरीचा चुरगळा, उजवी बोटं त्यातनं चिमूट घेऊन गादीत खोचतायत, आणि दर खेपेला ती जराशी मागं सरकतेय. अगं बाई, ही तर आवणी! डोंगरातल्या आमच्या खाचरात भाताची रोपं अशीच लावतात, मागं सरत सरत. पोटची लेक विसरली, पण बोटांना सगळं पाठ. असं कसं होतं?

पण नव्या खुब्यावर सरकून कसं चालेल? नर्स हात बांधायला निघाली. "थांबा हो!" म्हणत मी आईचा हात डोक्यामागच्या लोखंडी दांडीवर ठेवला. "बांध आला, आई."

तिनं दांडी चाचपली. "आला व्हय?" आणि थांबली. मग पायथ्याकडं बोट केलं. "तेवढा कोपरा ऱ्हायला. लाव, बाई." मी मुकाट्यानं चादर चिमटत बसले. बघता बघता तिचा डोळा लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कपात चहा ओतत होते. मागून आवाज आला, "चूड रोपांच्या दोन-तीन काड्यांचीच धरायची. पाळण्यातनं उतरलीस तवापासून सांगते, तरी तुझी आपली दाटच."

मी कप खाली ठेवून तिच्याकडं वळले.

"चुकलं, आई," मी म्हणाले.