टर्की वानराने नेली नव्हती

दत्तू गेल्याची बातमी सकाळी फोनवर आली. फोन त्याच्या गल्लीतल्या दूधवाल्याचा होता. "बाबूजी, दत्तू भइया नहीं रहे," एवढंच तो म्हणाला. आयुष्यभर मी लोकांना तिखटमीठ लावून बातम्या पुरवल्या. मुंगी मेली तर मी हत्ती गेल्याचं सांगायचो, वर हत्तीचं नाव-गावही सांगायचो. ही एक बातमी मात्र बिनमिठाची आली आणि घशाखाली उतरेना. मी त्याला म्हणालो, नीट बघ रे, झोपला असेल, त्याला कशाचीच घाई नसते. तो बिचारा खरोखर पुन्हा बघून आला...

दुर्गाघाटापासून मणिकर्णिकेचं स्मशान असं कितीसं लांब. त्या गल्ल्यांतून गाडी जात नाही, माणसानेच माणसाला न्यावं लागतं. साठ वर्षांची मैत्री मी पंधरा मिनिटांत खांद्यावरून पोहोचवून आलो. तेराव्याला जेवणं झाली, पानं उचलली गेली आणि आमच्या काशीतल्या मराठी घरांत होतं तसं, गेलेल्याच्या गोष्टी निघाल्या. कुणीतरी म्हणालं, "बाळूकाका, ती टर्कीची सांगा ना, वानरवाली." सगळी ओसरी माझ्याकडे वळली. ती गोष्ट मी चाळीस वर्षं सांगतोय. त्या दिवशी तोंड उघडलं आणि ती बाहेर येईना. घसा बसलाय म्हणालो. तेही खोटंच होतं.

गोष्ट अशी, की दत्तू स्वयंपाकी होता त्या हॉटेलासाठी एका नाताळला दिल्लीहून टर्की आली, म्हणजे कोंबडीचाच विलायती थोरला भाऊ. केवढी? तिच्या सावलीत दोन सायकलरिक्षा उभ्या राहतील एवढी. ती नेताना दुर्गाघाटावरच्या वानरांच्या म्होरक्याने देवळाच्या शिखरावरून उडी घेतली, टर्की बगलेत मारली आणि कळसापाशी जाऊन बसला. खालून दत्तू डाव हलवून त्याला समजावतोय, वर वानर टर्की हुंगतंय. शेवटी त्याने ती गंगेत फेकली आणि ती तरंगत तरंगत रामनगरच्या किल्ल्याखाली एका नावाड्याला सापडली. लोक हसून लोटपोट व्हायचे. गंगा रामनगरकडून काशीकडे वाहते, मग टर्की उलटी कशी गेली, हे चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही. कँटॉन्मेंटमधल्या हॉटेलात जाणारी टर्की दुर्गाघाटावर आलीच कशाला, हेही नाही. दत्तू कित्येकदा तिथेच बसलेला असायचा. तोही हसायचा. त्याने एकदाही मला खोटं पाडलं नाही.

आता दत्तूबद्दल खरं सांगतो. वडील दुर्गाघाटावर पौरोहित्य करायचे. पुढे यजमान कमी झाले, घरात खाणारी तोंडं तेवढीच राहिली, आणि दत्तू कँटॉन्मेंटच्या एका हॉटेलात शाकाहारी स्वयंपाकाला लागला. तिथले मुख्य खानसामा रहमत मियाँ. त्यांनी वर्षभर या मुलाचे हात पाहिले आणि एक दिवस त्याच्यापुढे कोंबडी ठेवली. दत्तूने घरी येऊन वडिलांना विचारलं.  ते म्हणाले, "खाऊ नकोस. आणि गंगेत बुडी मारल्याशिवाय उंबरठा ओलांडू नकोस." दत्तूने दोन्ही गोष्टी जन्मभर पाळल्या. पौषातल्या थंडीतही तो कामावरून थेट घाटावर जायचा. त्याच्या अंगाची वाफ निघून पलीकडचा तीर दिसेनासा व्हायचा, असं मी सांगत असे. वाफ निघायची, एवढं खरं.

तर हा जन्मात मांस न चाखलेला माणूस बनारसमधली सगळ्यांत उत्तम टर्की करायचा. परदेशी पाहुणे आत येऊन विचारायचे, न चाखता कसं कळतं? दत्तूला त्या प्रश्नाचंच नवल वाटायचं. त्याच्या घरात नैवेद्याचा स्वयंपाक कुणीच कधी चाखला नव्हता. देवाआधी चव घ्यायची नाही, म्हणून आईने त्याला मीठ हाताच्या अंदाजाने, शिजणं वासाने आणि उकळी कानाने ओळखायला शिकवलं होतं. टर्की त्याने तशीच केली. मात्र पहिल्या वर्षी एक चूक केली, आणि ती आमच्याच माणसाने करावी अशी होती. कच्चा पक्षी त्याने नळाखाली धरून तीनदा खळाखळा धुतला, शुद्ध व्हावा म्हणून. पाण्याचे शिंतोडे चिरलेल्या काकडीवर, ताटांवर, सगळीकडे. रहमत मियाँ ओरडले नाहीत. काकडी केराच्या बादलीत टाकली आणि म्हणाले, "पंडितजी, मुर्गे को गंगा-नहान मत कराइए. उसका मैल आग में छूटता है, पानी में तो सबको लगता है." दत्तूला ते तत्काळ पटलं, कारण सोवळं-ओवळं त्याच्या रक्तात होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या किचनमध्ये कच्च्या मांसाची सुरी आणि फळी ओवळी आणि शिजलेल्याची सोवळ्यातली. ओवळ्याला हात लावून सोवळ्याला शिवलं तर साबणाने हात धुऊन यायचं, मग तो वेटर असो की मॅनेजर. आपल्या आजीने जन्मभर जे केलं ते मी इथे कोंबडीसाठी करतोय, असं तो म्हणायचा.

पुढचं मी जसंच्या तसं सांगतो. वाचून कुणी करायला घेईल, तेव्हा यात माझी भर नको. टर्कीच्या छातीच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. जास्त झालं तर तागाची सुतळी, कमी झालं तर खाणारा दवाखान्यात. दत्तू आदल्या दिवशी त्याला मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडंच ठेवायचा, सगळ्यांत खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकत नाही. कातडीखाली बोटं घालून लोणी सारायचा, कातडी फाटू न देता. हाड काढायचा नाही. भट्टी मध्यम. आणि मग त्याचं ते थर्मामीटर... एका पाहुण्याने जाताना दिलेलं, तबकडीवर काटा आणि खाली विणायच्या सुईसारखा लांब दांडा. दर वेळी आधी त्याला बर्फाच्या पाण्यात आंघोळ. काटा फॅरनहाइटच्या बत्तीसवर येऊन उभा राहिला तरच तो पुढे विश्वासाचा. दांडा सगळ्यांत जाड भागात खुपसायचा, हाडाला न टेकवता. फॅरनहाइटचे एकशे साठ झाले की बाहेर काढून वर सैलसर झाकण. आतली उष्णता आपली आपण चढत एकशे पासष्टला जाते. ती गेल्याचं काट्यावर बघायचं, नाही गेली तर पुन्हा भट्टीत. त्यानंतरही वीस मिनिटं सुरी लावायची नाही, नाहीतर सगळा रस फळीवर. वेटर घाई करायचे तेव्हा हा दारात आडवा उभा राहून सांगायचा, "रुको. अभी भगवान खा रहे हैं." आमच्या घरी नैवेद्य दाखवल्यावर पोरांना ताटापासून असंच थांबवतात, देव जेवतोय म्हणून. त्या किचनमधले सगळे धर्म त्या वीस मिनिटांत गप्प उभे असायचे.

आता ती पेटी. मी तेव्हा स्टेशनवर पार्सलबाबू होतो. दत्तूची टर्की दिल्लीहून बर्फात यायची आणि उतरवून लगेच हॉटेलात धाडायची जबाबदारी माझी. त्या वर्षी रहमत मियाँ थकून गावी निघाले होते. मॅनेजरने दत्तूला सांगितलं होतं, नाताळचं जेवण एकट्याने सांभाळलंस तर त्यांची जागा तुझी. हे मला माहीत होतं. आधी मलाच येऊन सांगितलं होतं त्याने. धुक्याच्या दिवसांत बनारसला गाडी वेळेवर आल्याचं कुणी ऐकलं नसेल. त्या दिवशी ती आली. सकाळी साडेसातला पेटी उतरली. पार्सल ऑफिसात कोळशाची शेगडी पेटलेली, भोवती हमाल, आणि मला एक गोष्ट सुचलेली. मी शेगडीजवळच्या एका पेटीवर बैठक मारली आणि सुरू झालो. चहा आला, दुसरी गोष्ट निघाली, जेवणाची वेळ झाली, तिसरी निघाली. दुपारी दोनला पॅन्ट ओली लागली म्हणून उठून बघतो, तर मी दत्तूच्या पेटीवर बसलो होतो. आतला बर्फ पाणी होऊन जमिनीवर आला होता.

मी काय केलं? शेजारच्या माशांच्या पार्सलातला बर्फ काढून टर्कीवर पसरला, पेटी रिक्षात घातली आणि स्वतः घेऊन गेलो. दत्तू मागच्या दारातच उभा होता. त्याने विचारलं, "गाडी कधी आली?" मी म्हणालो, "आत्ताच. धुकं बघतोयस ना, सहा तास लेट." त्याने बर्फ बाजूला केला, थर्मामीटर आत खुपसलं आणि आम्ही दोघं त्या काट्याकडे बघत उभे राहिलो. काटा चाळिशीच्या खाली असायला हवा होता. तो साठावर जाऊन थांबला. माझं तोंड चालूच. म्हणालो, भाज की दुप्पट वेळ, आगीत काय शिल्लक राहतंय. दत्तूने दांडा पुसला. "जंतू मरतील रे," तो म्हणाला, "त्यांनी आत जे विष करून ठेवलंय ते मरत नाही. झालेलं भाजून जात नाही, बाळू." मग त्याने पुन्हा विचारलं, अगदी हळू, "गाडी कधी आली?" मी म्हणालो, "सांगितलं ना, आत्ताच."

त्याने टर्की फेकली. पाहुण्यांना कोंबडी वाढली, त्याच काळजीने केलेली, पण मॅनेजरने टर्कीचा शब्द दिलेला होता. त्याने जाब विचारला तेव्हा दत्तू म्हणाला, माझ्या हातून खराब झाली. रहमत मियाँच्या जागी लखनौचा कुणी आला आणि दत्तू पुढची सहा वर्षं दुसरा स्वयंपाकी राहिला. टर्की झाली नाही म्हणजे झालं काय, असं गल्लीत जो तो विचारू लागला, तेव्हा मी वानर आणलं. वानर सगळ्यांना आवडलं. खरी हकिगत त्याच्या पोटाखाली अशी बेमालूम झाकली गेली, की काही वर्षांनी मलाच ते कळसावर बसलेलं दिसू लागलं.

दत्तू जायच्या आठवडाभर आधी मी त्याला भेटायला गेलो होतो. खाटेवर अगदी चिपाड झाला होता. बोलणं एवढंसं. मी मनाशी ठरवून गेलो होतो, आज सांगायचं. त्याने हाताने जवळ बसवलं आणि म्हणाला, "वानराची सांग." आणि मी सांगितली... कळसासकट, नावाड्यासकट. तो हसता हसता खोकायला लागला. त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, येऊन त्याला पाणी पाजलं आणि मी पायात चपला सरकवून निघालो. दारात त्याचा आवाज आला, "बाळू, गंगा तिकडून इकडे वाहते रे." एवढंच. मला वाटलं, अखेर एकाला तरी शंका आली.

तेराव्याला सगळे गेल्यावर वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. कोनाड्यातून फडक्यात गुंडाळलेलं थर्मामीटर काढून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "भाऊजी, हे तुम्हाला द्यायला सांगितलंय." मी म्हणालो, वहिनी, मला चहाही करता येत नाही, हे घेऊन मी काय करू? त्या म्हणाल्या, "मीही हेच म्हटलं." मग भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, की त्या दुपारी दत्तूने हॉटेलच्या काउंटरवरून स्टेशनला फोन केला होता. पूछताछवाल्याने सांगितलं होतं, साडेसात, राइट टाइम. मी विचारलं, मग बोलला का नाही कधी? "मीही भांडले होते. ते म्हणाले, बाळूची नोकरी जाईल. पुढे म्हणायचे, वानरावर गेलंय, तर राहू दे. एक दिवस तोच सांगेल."

चाळीस वर्षं तो वाट बघत होता, दर वेळी हसत, सुरी न लावता. मला तेवढ्यात सांगता आलं नाही. म्हणून ज्यांनी माझ्या तोंडून वानर ऐकलंय, त्यांच्यासाठी हे छापून देतोय. टर्की वानराने नेली नव्हती. गाडी साडेसातला आली होती. दत्तूच्या हातून काहीही खराब झालं नव्हतं.

थर्मामीटर माझ्या टेबलावर आहे. सकाळी चहा येईपर्यंत मी त्याचा दांडा मुठीत धरून बसतो. काटा सावकाश चढत नव्वदीच्या पुढे जातो आणि तिथे थांबतो. मी मूठ आणखी आवळतो. तो तिथेच असतो, आहे त्यापेक्षा एक अंशही जास्त सांगत नाही.