अर्धं पाऊल मागे

जर्मनीत र्युसेल्सहाइमला आमच्या घराखाली एका इटालियन माणसाचं आइस्क्रीमचं दुकान होतं. त्याआधी अकरा वर्षं तो इटलीत व्यावसायिक फुटबॉल खेळला होता, बचावपटू म्हणून. त्या अकरा वर्षांतली एकच गोष्ट तो सांगायचा. एका मोठ्या स्ट्रायकरला त्याने नव्वद मिनिटं वळूच दिलं नव्हतं.

"मग जिंकलात?" मी विचारलं.

"हरलो. पण गोल दुसऱ्याने केला," तो समाधानाने म्हणाला.

जुनी सवय अंगात मुरलेली. बोलताना तो समोर कधी उभा राहायचा नाही. अर्धं पाऊल मागे राहायचा आणि दोन बोटांत माझ्या शर्टाचं टोक धरून ठेवायचा. बायको मला विचारायची, "तुझे सगळे शर्ट एकाच बाजूने कसे लोंबतात?"

रविवारी तो आम्हा मराठी इंजिनियरांच्या टीमकडून खेळायचा. पन्नाशी उलटली होती, पळणं जवळपास बंद होतं, तरी त्याच्या बाजूने कोणी पुढे जायचं नाही. फाउलची शिट्टी वाजली की त्याचे दोन्ही हात वर, नजर आभाळात, चेहरा तान्ह्या बाळाचा. "आता मी कुठे काय केलं?"

माझा प्रोजेक्ट संपला आणि आम्ही पुण्याला परत निघालो. तो दुकान बंद करून स्टेशनवर आला. नेहमीसारखा माझ्या मागे उभा राहिला. गाडी आली. बायको चढली. मी पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात मागून शर्ट ताणला गेला.

वळून पाहिलं. त्याचे दोन्ही हात वर होते आणि नजर स्टेशनच्या छताकडे.