खांदशेकणीच्या दिवशीची हिरवी ज्वारी

चायनीजच्या गाडीवरून मी व्हिनेगरच्या सहा बाटल्या उचलल्या तेव्हा गाडीवाला म्हणाला, "म्याडम, पार्टी हाय काय?" उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी फुलसावंगी भागात गुरांची डॉक्टर आहे. पाच मिनिटांपूर्वीच नामदेवरावांचा फोन आला होता, "बैलानं युरिया खाल्ला वाटते. गोठ्यात पोतं फुटलेलं हाय. लवकर या."

युरिया जनावराच्या पोटात गेला की त्याचा अमोनिया होतो. त्यावर आंबट काहीतरी आणि भरपूर थंड पाणी पाजायचं, हा आमचा साधा उपाय. म्हणून व्हिनेगर.

पोहोचले तर लखन आडवा पडलेला. मान ताणलेली, तोंड उघडं, श्वासासाठी धडपड चाललेली. जोडीचा दुसरा बैल, हिऱ्या, उभा होता, पण थरथरत होता. नामदेवराव सत्तरीचे. मुलगा पुण्याला कंपनीत. शेती ते आणि त्यांची सून ज्योती, दोघंच बघतात. या जोडीवर स्वतःची डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, तर होतेच, गावातल्या चार घरांचीही होते.

पोतं फुटलं होतं खरं, पण भोक उंदराचं होतं आणि युरिया जिथल्या तिथे. मी लखनची पापणी उलटून पाहिली. आतून लालभडक. सुई टोचली, तर रक्त कुंकवासारखं लाल. गुदमरणाऱ्या जनावराचं रक्त काळपट दिसायला हवं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. वीस वर्षं नोकरी करून मी फोनवरचं निदान खरं मानलं होतं.

"आज खायला काय टाकलं?"

"हिरवी जवारी," ज्योती म्हणाली. "विहिरीजवळची. कापलेल्या खुटांले नवे फुटवे आलते. आज खांदशेकणी नं, म्याडम."

खांदशेकणी म्हणजे पोळ्याचा आदला दिवस. बैलांना धुतात, खांद्यांना लोणी-हळद लावून शेकतात आणि कानाशी सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." त्या दिवशी कामही नाही नि दावणीला रोजचा कडबाही नाही, काहीतरी खास हिरवं. ज्योतीने तेवढ्यासाठी उन्हात बसून कोवळे फुटवे विळ्याने कापले होते. पावसाने तीन आठवडे दडी मारलेली. अशा ताणातल्या फुटव्यांत विष सगळ्यात जास्त असतं. जुने लोक याला किराळ लागणं म्हणतात.

हे विष म्हणजे सायनाइड. पानात ते मोकळं नसतं, साखरेशी बांधलेलं असतं. हे त्याचं सेंद्रिय रूप. तसं ते कुणाला काही करत नाही. बैलाने पान चावलं की ती गाठ सुटते आणि सायनाइड मोकळं होतं, म्हणजे असेंद्रिय रूपात येतं. मग रक्तात प्राणवायू भरपूर असूनही शरीराला तो वापरता येत नाही. म्हणून रक्त लाल आणि जनावर गुदमरलेलं. माझ्या बॅगेतल्या बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनातही सायनाइड असतं, पण बांधलेलं. ते मी रोज बिनधास्त टोचते. गंमत अशी की रसायनशास्त्रात युरियाही सेंद्रियच. गोमूत्रात असतो तोच. पण गोठ्यात काही झालं की पहिला संशय पोत्यावर जातो, हिरव्या पानावर कुणाचाच जात नाही. माझाही गेला नव्हता.

उतारा आहे: सोडियम थायोसल्फेट, आमच्या भाषेत हायपो. हे साधं असेंद्रिय मीठ. ते सायनाइडला गंधक देतं, त्याचं विष मोडतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. मी वरच्या ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला.

"सर, हायपो पाहिजे. दोन बैल आहेत."

"स्टॉक निल आहे. मागणीचा इंडेंट पाठवलाय ना?"

"जूनमध्येच पाठवलाय."

"मग येईल."

"बैलांना तसं सांगते, सर," म्हणून मी फोन ठेवला. तेवढ्यात आठवलं, पूर्वी फोटो धुवायला हायपोच लागायचं. बाजारातल्या सलीमभाईंचा फोटो स्टुडिओ जुना. त्यांना फोन लावला.

"हाय नं. डार्करूममधी बरणीभर पडून हाय," ते म्हणाले. "पर जुना माल हाय, म्याडम."

"कोरडा आहे ना? मग चालतो. घेऊन या, असाल तसे या."

ते स्कूटरवर पंधरा मिनिटांत आले. लखन तोवर गेला होता. ज्योती त्याच्या मानेवर हात ठेवून बसली होती. रडत नव्हती, नुसती बघत होती. मला ते जास्त लागलं. हिऱ्याला आम्ही तिघांनी धरलं आणि पाण्यात विरघळवलेला हायपो नळीने पोटात सोडला. तासाभराने परत. दुसऱ्या डोसानंतर थरथर थांबली आणि त्याने पाण्यात तोंड घातलं.

मी रिपोर्टचा कागद काढला. नामदेवराव जवळ येऊन हळूच म्हणाले, "म्याडम, युरिया लिहा."

"काहून?"

"आज खांदशेकणी. गाव म्हणन, सुनेनं आवतणाच्या दिवशी बैल मारला. जलमभर म्हणन. ते दिग्रससारख्या शहरातली, तिले काय म्हाईत किराळ? मले म्हाईत व्हतं. म्या देखलं नाही."

माझं पेन थांबलं. खोटं सांगत नाही, एक क्षण लिहावंसं वाटलं. आता सगळीकडे सोयाबीन आणि कपाशी. ज्वारी फक्त वैरणीपुरती. किराळ माहीत असणारी नामदेवरावांची शेवटचीच पिढी. आणि त्या संध्याकाळी गावात आणखी किती दावणींना कोवळी ज्वारी पडली असेल, कुणास ठाऊक.

ज्योतीने ऐकलं होतं. ती उठली, पदराने हात पुसले. "मामाजी, देवळाची चाबी कोनापाशी हाय?"

"कायले?"

"भोंग्यावर सांगतो."

"तू नोको. मी सांगतो."

"तुमी सांगसान तं युरिया सांगसान," ती म्हणाली आणि निघाली.

मी हिऱ्यापाशीच थांबले. थोड्या वेळाने मारुतीच्या देवळावरून तिचा आवाज आला. "मी नामदेवरावाची सून ज्योती बोलून राह्यली. म्या आज बैलाले कोवळी जवारी टाकली. आमचा लखन मेला. कोनी टाकली असन तं आत्ता काढून घ्या. बैल थरथरत असन तं म्याडम आमच्या गोठ्यात हायेत." हेच तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी आवाज फुटला, पण वाक्य तिने पूर्ण केलं.

अर्ध्या तासात एक माणूस बैल घेऊन धावत आला. त्याला बरणीतला उरलेला हायपो पुरला. पाच घरांनी दावणीतली ज्वारी काढून उकिरड्यावर टाकली.

रिपोर्टात मी लिहिलं, "कारण: कोवळ्या ज्वारीची विषबाधा. इतर पशुपालकांना सावध करावे." तो वरच्या ऑफिसात वाचला गेला, तेव्हा पोळा होऊन बारा दिवस झाले होते.