हेमंतच्या नावाची चिठ्ठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी ऑफिसातली फालतू भांडणंसुद्धा रोज जेवताना ऐकवतो. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही.

अबू धाबीत आमचं मराठी मंडळ आहे आणि त्यातला विनोदी माणूस म्हणजे मी. माइक माझा, कोट्या माझ्या, टाळ्या माझ्या — दहा वर्षं. हेमंत गप्प स्वभावाचा. माझ्याच कंपनीत ड्राफ्ट्समन, पंचेचाळिशीचा, बिनलग्नाचा. मोहम्मद बिन झायद सिटीत एका मराठी कुटुंबाच्या व्हिलात खोली घेऊन राहायचा, संध्याकाळी त्यांच्या दोन मुलींचा अभ्यास घ्यायचा. त्या पोरींवर भारी जीव त्याचा.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात त्याला कुणीतरी बोलायला उभं केलं. विषय — एक आयरिश लेखक. नाव नाही घेत. त्या बिचाऱ्याची बदनामी पुरेशी झालीये. हेमंतने त्याचे हजरजबाबी किस्से असे काही रंगवले की लोक पोट धरधरून हसले. मग आवाज उतरवून म्हणाला — याच माणसाला, पुरुषावर प्रेम केलं म्हणून तुरुंगात टाकलं. नाटक चालू ठेवलं, जाहिरातीवरचं नाव तेवढं झाकलं. कालपर्यंत त्याच्या विनोदांवर हसणारे, तो दिसला की रस्ता ओलांडायला लागले. माझी बायको डोळे पुसत होती.

आणि माझ्या पोटात दुखलं. हो, सरळच सांगतो — जळलो मी.

जेवणानंतर फिशपाँड होते. तुम्हाला ठाऊकच आहे — निनावी चिठ्ठ्या, एकमेकांना चिमटे, कुणी मनावर घ्यायचं नाही. मी कोपऱ्यात जाऊन, अक्षर बदलून लिहिलं : 'हेमंत, त्या लेखकाची कहाणी इतक्या मनापासून सांगितलीस, की तुला एकही मुलगी का पसंत पडत नाही ते आज कळलं.' वाचणारा कोण? मीच. जरा थांबून, भुवई उडवून वाचली. काय हशा उसळला! हेमंतही हसला — पण चेहरा पांढराफटक. तो मी पाहिला, आणि पुढची चिठ्ठी उचलली.

या देशात हा गुन्हा आहे, असली गोष्ट नुसती गंमत राहत नाही, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं हो. आठवड्याभरात व्हिलातल्या वहिनींनी खोली रिकामी करायला सांगितली — मुली मोठ्या होतायत म्हणे. ऑफिसात लोक त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरेनात. खरं काय होतं? मला माहीत नाही. माहीत असायचं मला काही कारणही नव्हतं. महिन्याभरात राजीनामा, व्हिसा कॅन्सल, खलास.

एअरपोर्टला सोडायला मीच गेलो. मोठा मित्र ना मी! व्हिलाच्या फाटकात धाकटी उभी होती. "अंकल, हू विल टीच मी मॅथ्स नाऊ?" वहिनींनी तिला आत ओढलं.

गाडीत हेमंतने एकच विचारलं, "कुणी लिहिली असेल रे ती?"

दोघंच होतो. सांगता आलं असतं. मी रस्त्याकडे बघत म्हणालो, "बहुतेक मोकाशी."

मोकाशी हा त्याचा इथला एकमेव जिवलग. त्यानेच पुण्यात आपल्या भावाकडे हेमंतसाठी नोकरी बघून ठेवली होती, राहायची सोयसुद्धा. मग त्याचंच नाव का? जिभेवर पहिलं आलं म्हणून. हेमंतने खिडकीची काच खाली केली, परत वर केली. मग म्हणाला, "मोकाशी? शक्य नाही रे." मी म्हणालो, "माणसं कळत नाहीत."

हेमंत पुण्याला गेलाच नाही. कोल्हापुरात एका लॉजवर राहिला, मिळेल ते काम करत. दुसऱ्या वर्षी तिथेच गेला. दार दोन दिवसांनी उघडलं.

मोकाशी अजून माझ्याकडे येतो. सोफ्यावर बसतो आणि दर वेळी विचारतो, "माझं काय चुकलं रे? शेवटपर्यंत माझा एक फोन उचलला नाही त्याने." मी त्याच्यापुढे चहा ठेवतो आणि म्हणतो, "स्वभावच तसा होता त्याचा."

परवासुद्धा हेच म्हणालो.